कथा, श्रद्धा आणि पुरावा

बायबलात सांगितलेल्या कथा शब्दशः घडल्या असे मानणारी माणसे आजच्या जगात किती असतील? अमेरिकेतील गॅलप ही लोकमत अजमावणारी संस्था हा प्रश्न आपल्या देशबांधवांना गेली अनेक दशके विचारीत आली आहे. १९८० साली शेकडा ४० अमेरिकनांनी बायबल हा प्रत्यक्ष ईश्वराचा शब्द असून तो अक्षरशः घ्यावयाचा, असे उत्तर दिले होते. २०२२ साली असे म्हणणारे शेकडा २० उरले. शेकडा ४९ लोकांनी बायबल ईश्वरप्रेरित आहे, पण त्यातील सगळेच अक्षरशः घेऊ नये, असे सांगितले. आणि शेकडा २९ लोकांनी तो माणसांनी रचलेला कथांचा, इतिहासाचा व नीतिवचनांचा संग्रह आहे, असा निर्वाळा दिला. शब्दशः मानणाऱ्यांची संख्या चार दशकांत निम्म्यावर आली.

शास्त्र जिंकले आणि श्रद्धा हरली, असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढण्याचा मोह अनेकांना होईल. आम्हांला तो उथळ वाटतो. ज्या ४९ लोकांनी मधला मार्ग धरला त्यांनी पुस्तक टाकलेले नाही. ते हातात धरण्याची रीत तेवढी बदलली आहे. म्हणजे कथा किती जण खरी मानतात एवढाच प्रश्न नाही. ‘खरी मानणे’ म्हणजे नेमके काय, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चाचणीच्या तक्त्यात मिळत नाही. टेलिफोनवरून विचारलेल्या प्रश्नाला होकार देण्यास काही मोल पडत नाही. ज्यांना आपल्या कथेवरील विश्वासाची किंमत पोटाने आणि जमिनीने मोजावी लागली, त्यांच्याकडे गेल्याखेरीज या प्रश्नाचा तळ लागावयाचा नाही. म्हणून वाचकांना आम्ही अमेरिकेतून बालाघाटच्या अरण्यात नेत आहोत.

बालाघाट हा आज मध्य प्रदेशाचा जिल्हा असला तरी मराठी माणसाला तो परका नाही. वैनगंगेच्या काठचा हा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. दक्षिणेस भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे त्याला लागून आहेत. या जिल्ह्याच्या उत्तरेकडील बैहरच्या पठारावर आणि पलीकडच्या मंडला-डिंडोरीच्या डोंगरांत सालवृक्षांच्या छायेत बैगा ही आदिवासी जमात राहते. इंग्रजी अमदानीत याच बैहरला रेव्हरंड लॅम्पार्ड नावाचे मिशनरी राहत असत. बायबल शिकवावयास आलेल्या या गृहस्थांनी बैगांवर एक टिपण तयार केले. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर जो बृहद्ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यातील बैगांवरचे प्रकरण बव्हंशी या टिपणावरच आधारलेले आहे. सृष्टीच्या उत्पत्तीची एक कथा सांगावयास आलेला मनुष्य दुसरी कथा लिहून ठेवून गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

ती कथा अशी. आरंभी भगवंताने नंगा बैगा आणि नंगी बैगीन हे पहिले जोडपे निर्माण केले आणि तुम्ही कशावर जगणार, असे त्यांना विचारले. आम्ही अरण्यातील झाडे तोडून जगू, असे ते म्हणाले. भगवंताने अनुज्ञा दिली. त्यांना दोन मुलगे झाले. एक बैगाच राहिला, दुसरा गोंड होऊन जमीन कसू लागला. पुढे दोन मुली जन्मल्या. त्यांच्याशीच या दोघांनी लग्ने केली. थोरल्यापासून बैगा आणि धाकट्यापासून गोंड व उरलेली सगळी मनुष्यजात निपजली. दुसऱ्या एका पाठात पहिल्या बैगाने एका दिवसात दोन हजार सालवृक्ष तोडले, आणि त्यांच्या राखेवर कुटकीचे चार दाणे शिंपडून स्वस्थ झोप, उठशील तेव्हा पीक तयार असेल, असे भगवंताने त्याला सांगितले.

आदाम आणि हव्वा यांची कथा ठाऊक असणाऱ्या कोणासही हे साम्य जाणवेल. काइनाला बायको कोठून मिळाली, हा बायबलाच्या वाचकांना शतकानुशतके सतावणारा प्रश्न. अमेरिकेतील डेटन येथे १९२५ साली उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला, तेव्हा बचाव पक्षाचे वकील डॅरो यांनी ब्रायन यांच्यासारख्या मातब्बर पुढाऱ्याला साक्षीदाराच्या जागी बसवून नेमका हाच प्रश्न विचारला होता. ब्रायन यांना उत्तर देता आले नाही. सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हेही त्यांना तेथे कबूल करावे लागले. बैगांच्या कथेने काइनाची ही अडचण आधीच सरळपणे सोडवून टाकलेली आहे. पण बैगाला साक्षीदाराच्या जागी कोणी बसवलेच नाही.

आता या कथेवर बैगा किती शब्दशः विश्वास ठेवीत होते? त्यांची जंगलशेती ‘बेवर’ या नावाने ओळखली जाते. उन्हाळ्यात झाडे तोडावयाची, ती जाळून राखेत कोदो-कुटकी पेरावयाची, आणि काही वर्षांनी ती जागा सोडून दुसरी धरावयाची. नांगर धरणे म्हणजे धरणीमातेची छाती फाडणे, असे ते मानीत. १८६० नंतर आगगाडीच्या रुळांखाली घालावयाच्या स्लीपरांसाठी सालाच्या लाकडाला मोल आले. जंगल राखीव झाले, आणि झाडे जाळून कुटकी पेरणारा बैगा सरकारच्या लेखी नासधूस करणारा ठरला. त्याला नांगरावर आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. तो वर्षानुवर्षे नाही म्हणत राहिला. शेवटी १८९० साली आजच्या डिंडोरी जिल्ह्यात ‘बैगाचक’ नावाचा एक टापू आखून देण्यात आला आणि बेवर त्यापुरती ठेवण्यात आली. उपाशी राहण्याची पाळी आली तरी नांगराला हात न लावणाऱ्या माणसाला तुझी तुझ्या कथेवर कितपत श्रद्धा आहे, असे विचारण्याची जरूर उरत नाही.

पण येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पुढे परिस्थितीच्या रेट्याने बहुतेक बैगांनी नांगर धरला. म्हणून नंगा बैगाची कथा मेली नाही. ती आजही सांगितली जाते. ज्या अर्थी आज्ञा मोडूनही कथा टिकली, त्या अर्थी ती केवळ आज्ञापत्र नव्हती आणि केवळ इतिहासही नव्हती. आपण कोण, ही भूमी आपली कोण लागते आणि शेजाऱ्याशी आपले नाते काय, हे सांगणारी ती एका समाजाची ओळख होती. शेजारी गोंडांनीही ती मानली. बैगा हे भूमीचे आद्य पुत्र, म्हणून गावाच्या पूजेचा मान त्यांचा. मंडल्याकडे गावांच्या शिवांवरून तंटा झाला तर बैगाचा शब्द बहुधा अखेरचा मानीत, अशी नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनीच करून ठेवली आहे. गोंडाने कथेचे खरेखोटे तपासले नाही. जो समाज अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे त्याला या जमिनीची ओळख आपल्याहून जुनी असणार, एवढे त्याने ओळखले. आमच्या मते यात निरक्षर गोंडाने मोठी न्यायबुद्धी दाखवली आहे. कथा ही घटनेचा पुरावा नसते. पण कथा सांगणाराचा पुरावा मात्र ती असते.

ही गोष्ट ज्या युरोपीय माणसांना उमगली, त्यांना ती महागात पडली. व्हेरियर एल्विन हे ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकलेले, एका बिशपांचे चिरंजीव. १९२७ साली ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. पुढे शामराव हिवाळे या सहकाऱ्यासह १९३२ साली मंडल्याच्या डोंगरांत करंजिया येथे राहावयास गेले आणि धर्मांतर घडवण्याचे त्यांनी साफ नाकारले. नागपूरच्या बिशपांशी त्यांचे बिनसले आणि अखेर ते चर्चमधून बाहेर पडले. १९३९ साली त्यांनी बैगांवर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याआधी आफ्रिकेतील नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्झो यांची गत याहून निराळी नव्हती. झुलू भाषेत बायबलाचे भाषांतर करीत असता त्यांच्या झुलू साहाय्यकाने जलप्रलयाच्या कथेपाशी थांबून विचारले, हे सगळे खरेच घडले का? सगळे प्राणी एका तारवात मावले? बिशपांना खोटे बोलवेना. १८६२ साली त्यांनी बायबलाच्या पहिल्या सहा ग्रंथांतील आकडेवारीची चिकित्सा प्रसिद्ध केली आणि केपटाऊनच्या वरिष्ठ बिशपांनी त्यांना पदच्युत केले. भोळा म्हणून ज्याची कीव केली जाते त्या आदिवासीने प्रश्न विचारला, आणि शिकलेल्या धर्मपीठाने शिक्षा दिली! शब्दशः श्रद्धा ही अडाण्यांची मिरास आहे, हा समज किती पोकळ आहे हे यावरून दिसेल.

ज्या किनाऱ्यावर आपण राहतो तेथेही हाच अनुभव आहे. आपल्या साष्टीतील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. बायबलातील कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगणारा हा ग्रंथ. जुन्या पोथ्या हिरावून घेतल्या गेलेल्या नवख्रिस्ती समाजाने आम्हांला दुसरे एखादे पुराण द्या, अशी मागणी केली, आणि या इंग्रज पाद्र्याने बायबलाला पुराणाचा साज चढवला. त्याच्या ओवीत स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. ही गोष्ट शब्दाला चिकटून बसणाऱ्या माणसाच्या हातून होणारी नव्हे. आणि योगायोग पाहा. त्याच १६१६ साली रोममध्ये पृथ्वी फिरते हे मत धर्मग्रंथाविरुद्ध ठरवण्यात आले आणि गॅलिलिओला ताकीद मिळाली. एकाच धर्मसत्तेने एकाच वर्षी एकीकडे शब्दाचा अर्थ करून तो परभाषेत फुलवला आणि दुसरीकडे शब्दाचा दगड करून तो एका शास्त्रज्ञाच्या डोक्यात घातला. त्याच सत्तेने गोव्यात इन्क्विझिशनही चालवले, हे गोमंतकीय वाचकाला आम्ही सांगावयास नको.

अलिबागजवळच्या खंडाळ्याची गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. कोकणातील बेने इस्राएल हा मराठी बोलणारा यहुदी समाज. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले असे तो मानतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव त्याला पडले. बायबलातील संदेष्टा एलिया अग्निरथातून स्वर्गास गेला तो याच खंडाळ्याच्या खडकावरून, अशी या समाजाची श्रद्धा आहे आणि खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या व घोड्यांच्या म्हणून दाखवल्या जातात. तेथे पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा ‘मलिदा’ अर्पण होतो. बायबलात ही घटना यार्देन नदीच्या काठची. मग खंडाळ्याचा खडक खोटा म्हणावयाचा का? एखाद्या कोकणी आजीला हे विचारण्यात शहाणपण नाही. परभूमीवर आलेल्या मूठभर लोकांनी आपल्या संदेष्ट्याला आपल्या नव्या गावी आणले, हा त्या खुणांचा अर्थ आहे, आणि तो अर्थ खराच आहे.

शेवटी आपण स्वतः तरी काय करतो? परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकणभूमी निर्माण केली, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. बाणावलीचे नाव घेताना तो बाण आठवतो. परंतु जमिनीच्या दाव्यात परशुरामाला साक्षीस बोलावण्याचे अद्याप कोणाच्या मनात आलेले नाही, आणि तरीही ती कथा आपण टाकलेली नाही. अमेरिकेतील त्या ४९ जणांत आणि आपल्यात या बाबतीत फारसे अंतर नाही.

वस्तुतः सर्व धर्मांतील विचारवंतांनी हे पूर्वीच ओळखले होते. देवाने माळ्यासारखी बाग लावली हे कोण अक्षरशः मानील, असे तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती आचार्य ओरिजेन विचारतो. धर्मग्रंथाचा हवाला देऊन सृष्टिविज्ञानाविषयी भलते बोलणारे लोक ग्रंथालाच हास्यास्पद करतात, असा इशारा संत ऑगस्टीनने दिला होता. आपल्याकडे मीमांसकांनी वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद केला, आणि कथा अर्थवादात घातल्या. त्यांचे प्रयोजन स्तुती अथवा निंदा, वृत्तान्त नव्हे. अग्नी थंड आहे असे सांगणारी शेकडो श्रुतिवचने निघाली तरी ती प्रमाण होत नाहीत, इतक्या थराला शंकराचार्य गेले आहेत. सृष्टी ख्रिस्तपूर्व ४००४ साली उत्पन्न झाली हे आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात गणिताने ठरवले, आणि पुढे ते साल इंग्रजी बायबलांच्या समासात छापले जाऊ लागले. छापलेला समास मूळ ग्रंथाइतकाच पवित्र होऊन बसला. शब्दशः श्रद्धेचा हा आग्रह आपण समजतो तितका प्राचीन नाही. त्याची धार वाढली ती वादात, छापखान्यात आणि सत्तेच्या आश्रयाने.

वादाचे तर विचारूच नका. मुंबईत १८३१ च्या सुमारास मोरभट दांडेकर आणि रेव्हरंड जॉन विल्सन यांच्यात, आणि १८५७ साली समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्यात गाजलेले वाद झाले. त्या काळच्या अशा सगळ्या वादांत एक खोड समान दिसते. आपल्या पोथीचा अर्थ करावयाचा आणि दुसऱ्याच्या पोथीचा शब्द धरावयाचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण धर्मग्रंथांनाही लागू पडते. ही खोड आजही गेलेली नाही. नोहाच्या तारवाला हसणारा हिंदू वाचक पुष्पक विमानाचे नाव निघताच गंभीर होतो, आणि पुराणांतील भाकडकथांची यादी करणारा प्रचारक योना माशाच्या पोटात तीन दिवस कसा राहिला हे सांगण्याचे टाळतो.

चर्चने या बाबतीत बराच रस्ता कापला आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मग्रंथ वाचताना त्यातील वाङ्मयप्रकार ध्यानात घ्यावेत असे सांगितले. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी गॅलिलिओच्या बाबतीत चूक झाल्याचे कबूल केले, आणि १९९६ साली उत्क्रांतिवाद हा निव्वळ तर्क राहिलेला नाही, असे म्हटले. आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने चालली आहे की काय, अशी शंका यावी अशा गोष्टी घडत आहेत. २०१५ साली मुंबईच्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. २०१८ साली केंद्रातील एका राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवून टाकला. पुढे दहावीच्या विज्ञानाच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि २०२३ साली अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याला हरकत घेतली. विद्यार्थ्यांवरील ओझे कमी करण्यासाठी हे केले आणि बारावीत तो विषय आहेच, असे अधिकृत उत्तर मिळाले. परंतु दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या लाखो मुलांना तो कधीच भेटणार नाही. अमेरिकेत ज्या टेनेसी राज्याने स्कोप्सला शंभर डॉलर दंड केला, त्याने आपला तो कायदा १९६७ साली रद्द केला. त्यांनी टाकलेली वाट आपण धरू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पुन्हा बालाघाटकडे वळू. मध्य प्रदेशात धर्मांतराचा वाद जुना आहे. १९५४ साली न्यायमूर्ती नियोगी समिती नेमली गेली, १९५६ साली तिचा अहवाल आला, १९६८ साली कायदा झाला आणि २०२१ साली नवा, अधिक कडक कायदा आला. या सगळ्या वादात आदिवासी कोणाच्या कथेकडे जातो याची मोजदाद होते; त्याची स्वतःची कथा काय म्हणते, हे विचारण्यास दोन्ही पक्षांना सवड नाही. दरम्यान कान्ह्याच्या अभयारण्यासाठी बैगा आणि गोंड यांची गावे उठली. ज्याला नांगर नको होता त्याला नांगर मिळाला, आणि ज्याला अरण्य हवे होते त्याचे अरण्य गेले.

या काळोखात एक बारीक दिवा लागला आहे, तोही कायद्याच्या रूपाने. २००६ च्या वनाधिकार कायद्याने आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य केला, आणि त्याखालील नियमांनी पुराव्यात वृद्धांच्या लेखी जबानीला व पवित्र स्थळांनाही जागा दिली. अत्यंत मागास आदिम जमातींसाठी अधिवासाचा सामूहिक हक्क त्यात आहे, आणि तो डिंडोरीच्या बैगाचकमधील काही गावांना गेल्या दशकात मान्यही झाला. यातील मर्म लक्षात घ्यावे. नंगा बैगा खरोखर होऊन गेला का, हे कायदा विचारीत नाही. या डोंगराला, या झऱ्याला, या देवस्थानाला तुमच्या आजाने काय नाव दिले होते, एवढेच तो विचारतो. गोंडाने जे पिढ्यान्‌पिढ्या केले ते शासनाने सव्वाशे वर्षांनी करावयास घेतले आहे. हीच कसोटी बैहरच्या पठारापासून प्रत्येक अरण्यात सढळ हाताने लागू झाली पाहिजे. दप्तरात कागद नाही म्हणून म्हाताऱ्याची जबानी झिडकारणारा अधिकारी त्या कायद्याचाच भंग करतो.

बायबलातील कथा असो, पुराणातील असो वा बैगाची असो, मोजमाप एकच असावे, असे आमचे निःसंदिग्ध मत आहे. सृष्टी कशी झाली हे शाळेत शास्त्राने सांगावे. तेथे आदामाला, मनूला आणि नंगा बैगाला सारखीच मनाई असावी. घरात, मंदिरात, चर्चमध्ये आणि अरण्यातील शेकोटीभोवती कथा मोकळेपणाने सांगितली जावी, आणि ती अक्षरशः मान अथवा मानू नको अशी सक्ती कोणावर होऊ नये. कथा सांगणारा मनुष्य आपल्या भूमीविषयी बोलू लागला, तर त्याचे बोलणे मात्र कान देऊन ऐकावे. परशुरामाची कथा जपूनही समुद्राच्या भरती-ओहोटीचे गणित चुकू न देणाऱ्या किनाऱ्यावरील लोकांना हे समजणे अवघड जाऊ नये.